तांबडी तार, हिरवी तार

आमच्या घरात पहिल्यांदा रंगीत चित्र उमटलं तेव्हा आमच्याकडे रंगीत टीव्ही नव्हता, आणि ज्या यंत्रातून ते चित्र आलं तेही आमचं नव्हतं. ते होतं देवळ्याच्या आहेरशेठचं. त्या चित्रानं आमच्या घराचं काय केलं ते लिहायला आज बसले आहे. दादा होता तोवर हे लिहिणं जमलं नसतं. त्याला आवडलंही नसतं. "रत्ने, तुला दुसरे उद्योग नाहीत का गं?" असं म्हणाला असता. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नाही, म्हणून लिहिते.

नाशिकरोडला आमच्या दोन खोल्या होत्या. वस्तीत सगळी आमचीच माणसं, बौद्ध, कुणी प्रेसमध्ये, कुणी रेल्वेत, कुणी शाळेत शिपाई. माझे वडील, अण्णा, ओझरला विमानाच्या कारखान्यात कामाला होते. सकाळी कंपनीच्या बसनं जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. लहानपणी कान फुटले होते म्हणून त्यांना कमी ऐकू यायचं, आणि स्वतःला ऐकू येत नाही म्हणून जगालाही येत नसणार, असा त्यांचा समज होता. साधं "मीठ दे" म्हणाले तरी चार घरांपलीकडची बाई विचारायची, "का हो, भाजी अळणी झाली का आज?" आई मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. तिचं सगळं आयुष्य घरातली गोष्ट घरात ठेवण्यात गेलं आणि पदरात नवरा पडला असा. बाजरीची भाकरी थापताना ती स्वतःशी पुटपुटायची, बाहेरून मालगाडीचा खडखडाट यायचा, आणि पुढच्या खोलीत एखादा उघडा रेडिओ खरखरत असायचा. ही तिन्ही बंद पडली की घरात कुणीतरी आजारी आहे असं समजावं.

पुढची खोली दादाची. माझा थोरला भाऊ, मिलिंद. आयटीआय झाल्यावर तो घरीच रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा. खाटेखाली, खाटेवर, खिडकीत, जिथं तिथं डबे आणि तारा. झोपताना अण्णा अंगाखालून स्क्रू काढत शिव्या घालायचे. दादाच्या हाताला मात्र गुण होता. टीव्ही उघडला की तो आधी बोटं लांब ठेवून नुसता बघत बसायचा, मग मान हलवायचा आणि म्हणायचा, "हं. कळलं तुझं दुखणं." मी शेजारी बसून त्याला हवं ते द्यायची. "रत्ने, तांबडी तार दे. हिरवी दे." तार त्याच्या गुडघ्याला लागून पडलेली असली तरी मलाच मागायचा. मी चिडायची, "हात मोडलेत का तुझे? समोर तर आहे!" तो हसून हात पुढे करूनच ठेवायचा. मला वाटायचं, धाकट्या बहिणीवर रुबाब करतोय. यंत्रातल्या त्या बारक्या दांड्यांवर रंगीत पट्टे असतात, पट्ट्यांवरून त्यांची किंमत ओळखायची असते. दादा पट्टे कधी बघायचाच नाही. एकेक दांडी मीटरला लावून मोजायचा. त्याचे आयटीआयचे मास्तर त्याच्यावर खूश होते, म्हणायचे, "पोरगा विश्वासावर काम करत नाही, मोजून करतो." आणि आई त्याला बाजारात पाठवायची नाही, का, तर टोमॅटो आणायला सांगितले की अर्धे कच्चे हिरवे आणायचा. "याचं लक्ष नाही संसाराच्या कामात," असं म्हणून ती विषय संपवायची. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडत होतं आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. आज मला त्याचंच नवल वाटतं.

दादाला खरं तर टीव्ही दुरुस्त करायचेच नव्हते. त्याला इंजिन चालवायचं होतं, आणि ते वेड त्याला लावलं वसंतमामानं. मामा, आईचा धाकटा भाऊ, इगतपुरीला ड्रायव्हर होता. कसारा घाटात गाडी वर चढवायला मागून जे इंजिन लावतात ते चालवायचा. आजी लवकर गेली, तेव्हा मामा रांगत होता. आईनं त्याला कडेवर वाढवलं, स्वतःची शाळा सोडून. त्यामुळे तो आला की घरात सण. सुक्या बोंबलाची चटणी, तव्यावरचं झणझणीत पिठलं, आणि आईचं सारखं "खा रे, वाळलास किती." मामा चांगला दांडगा होता, वाळायचा कशाला!

सुट्टीच्या दिवशी मामा आम्हा दोघांना रुळांच्या कडेनं देवळालीच्या बाजूला फिरायला न्यायचा. इंजिनात एक रीत असते. पुढचा सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट, दोघांनी तो एकमेकांना ओरडून सांगायचा. एकानं म्हणायचं "हिरवा!", दुसऱ्यानं स्वतः बघून मग म्हणायचं "हिरवा!" मामा सांगायचा, "एकट्याच्या डोळ्याला झापड येती कधी कधी, म्हणून दोघांनी बोलायचं. दुसऱ्यानं तोंड उघडलं नाय, तर पयल्यानं समजायचं की आपलं काहीतरी चुकलं." तोच आमचा खेळ. मामा ड्रायव्हर, म्हणून तो आधी ओरडणार. दादा असिस्टंट, तो मागून. "लाल!" "लाल!" "पिवळा!" "पिवळा!" दादाचा आवाज असा खणखणीत की रुळावरचे कावळे उडायचे. मला या खेळात घेत नसत, मुलगी म्हणून. मी मागून चिंचा खात चालायची आणि दोघांच्या पाठी बघायची. कितीतरी वर्षं हा खेळ चालला आणि त्यात आधी बोलायची पाळी दादावर एकदाही आली नाही.

मग रेल्वेची परीक्षा निघाली, असिस्टंट ड्रायव्हरसाठी. दादानं दिली आणि पास झाला. लेखी झाली, तोंडी झाली. उरली होती फक्त डॉक्टरी तपासणी, भुसावळला, पावसाळ्यात. आईनं वस्तीभर पेढे वाटले. घरातली गोष्ट घरात ठेवणारी माझी आई, पण त्या दिवशी दारोदार जाऊन सांगत होती, "आमचा मिलिंद इंजिनावर जाणार." अण्णांना तर सांगायची गरजच नव्हती, ते घरात बोलले की पलीकडच्या गल्लीला कळायचं. दादा लाजून दिवसभर एका फुटक्या रेडिओत तोंड घालून बसला होता.

आणि त्याच सुमाराला, ऐन उन्हाळ्यात, आहेरशेठ आले. देवळ्याचे कांद्याचे व्यापारी, दादानं एकदा त्यांचा टीव्ही नीट करून दिला होता. जीपमधून त्यांच्या माणसानं काहीतरी मोठ्या काळजीनं उतरवलं, कांद्याच्या गोणपाटात गुंडाळलेलं. सोडून बघतो तर पांढरट रंगाचा एक चपटा खोका, त्यावर टाइपरायटरसारखी बटणं. शेठ घाम पुसत त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "हाई काय शे ते माले बी माहीत नही. जावईनी धाडं लंडनथून. नातू रडस." मग अण्णांकडे वळून आमच्या मराठीत म्हणाले, "तिकडं म्हणे याच्यावर रंगीत चित्रं दिसतात. आमच्या टीव्हीला लावलं तर नुसत्या मुंग्या." अण्णा ओरडले, "मुंग्या? मग कापूर ठेवा!" शेठ पोट धरून हसले. कॉम्प्युटर हा शब्द आम्ही पेपरात वाचला होता, घरात त्याचा वास पहिल्यांदा आला, आणि तो कांद्याचा होता.

पुढचे कित्येक दिवस दादाला जेवणाची शुद्ध नव्हती. कॉम्प्युटर बिचारा धडधाकट होता. पण तो ज्या चॅनेलवर चित्र पाठवायचा ते चॅनेल आपल्याकडच्या टीव्हीत नव्हतंच, तर दिसणार काय, कपाळ! दादानं खोक्याच्या मागचं दुसरं भोक शोधलं, टीव्ही उघडून तिथून तार आत नेली, आणि चित्र आलं. पण काळं-पांढरं. शेठ येऊन बघून गेले आणि तोंड लहान करून म्हणाले, "लंडनला रंगीत, आणि आम्हालाच का काळं-पांढरं?" रंग हवा तर मॉनिटर हवा, ज्यात लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही रंग वेगवेगळ्या तारांनी आत जातात. तसा मॉनिटर नाशकात आणायचा कुठून? दादानं तोही हुडकला. व्हिडिओ गेमचं एक दुकान बंद पडलं होतं, त्यांच्या माळ्यावर एक धूळ खात होता. शेठनी तो घेऊन दिला. त्याची वायर उंदरांनी कुरतडली होती, मागे फक्त रंगीत तारांची टोकं शिल्लक होती. त्या टोकांना नवी वायर जोडायची, तिच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरच्या भोकात बसेल असा प्लग. लाल तार लालच्या जागी, हिरवी हिरव्याच्या. त्या दिवसांत माझी कॉलेजची वार्षिक परीक्षा चालली होती. मी घरी नव्हते. दादानं ते जोडकाम एकट्यानं केलं आणि वर चादर टाकून ठेवली. म्हणाला, "बुद्धपौर्णिमेला मामा येईल, तेव्हाच बघायचं सगळ्यांनी. आधी कुणी हात लावला तर बघा." मला वाटतं, त्यानं ते चालू करून स्वतः कितीतरी वेळा बघितलं असणार. त्याला त्यात काहीच चुकीचं दिसलं नाही.

बुद्धपौर्णिमेला सकाळी विहारात वंदना झाली, घरी खीर झाली. मामा पांढऱ्या शर्टात आला होता. पुढच्या खोलीत शेजारपाजारची माणसं दाटीवाटीनं बसली होती, आहेरशेठही आले होते. दादानं खिडकीला गोधडी लावली आणि चादर ओढली. पडदा उजळला, सगळे "आ" करून बघायला लागले. दादानं कॉम्प्युटरवर स्वतः टाइप करून एक चित्र बनवलं होतं, मामासाठी. रेल्वेचा सिग्नल! एक उभा खांब, त्यावर एकाखाली एक तीन दिवे (रेल्वेत वर हिरवा असतो, मध्ये पिवळा, लाल सगळ्यात खाली), आणि खाली दोन रूळ. एक बटण दाबलं की एक दिवा लागायचा. "मामा," दादा म्हणाला, आणि त्याचा आवाज आनंदानं कापत होता, "तुम्ही बसा ड्रायव्हरच्या जागी." मामा खुर्चीत बसला. दादानं बटण दाबलं. मधला दिवा लागला. "पिवळा!" मामा ओरडला. "पिवळा!" दादा ओरडला. सगळे हसले. दादानं दुसरं बटण दाबलं आणि या खेपेला हौसेच्या भरात त्याला दम निघाला नाही. सगळ्यात खालचा दिवा लागला आणि दादा मामाच्या आधीच ओरडला, "लाल!"

मामा काही बोलला नाही. खालचा दिवा लखलखीत हिरवा होता.

"मामा, बोला ना. लाल!" दादा पुन्हा म्हणाला. मामा हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "अरे, उलटं झालंय तुझं कायतरी. खालचा हिरवा कसा लागंल?" दादानं वाकून पडद्याकडे बघितलं. "लालच आहे की." कुणीतरी फिसकन हसलं. अण्णा गरजले, "मामाची फजिती करतो का रे!" दादानं गोंधळून वरचा दिवा लावला, तो रक्तासारखा लाल पेटला. "हा हिरवा," दादा म्हणाला, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागला. त्याची नजर माझ्यावर आली तेव्हा मी खाली बघितलं. आहेरशेठ भला माणूस, ते उठून म्हणाले, "वायर उलटी लागली असंल, व्हतं असं. चला, खीर खाऊ." वायर उलटी लागली होती हे खरंच होतं. तांबडी हिरव्याच्या जागी आणि हिरवी तांबड्याच्या. ज्याला हे दोन रंग वेगळे दिसतात त्यानं पडदा उजळताक्षणी ओळखलं असतं. मामा दादाकडे बघत होता आणि मामाचा चेहरा पार उतरला होता. खीर त्यानं तोंडाला लावली नाही.

माणसं गेल्यावर स्वयंपाकघरात जे झालं ते मी भांडी घासता घासता ऐकलं. आई म्हणाली, "वसंता, हे कुणाला बोलायचं नाय." मामा पाटावर बसून होता. "आक्का, डाक्टर तपासतातच ते. ठिपक्याठिपक्यातून आकडा वाचायला लावतात." आई म्हणाली, "मग तू सांग ना त्याला काय काय विचारतात ते. एवढी वर्षं रेल्वेत हायेस, तेवढं नाय व्हणार तुझ्यानं? पाठ करंल तो. हुशार हाय माझा पोरगा." मामा पाटाची कड नखानं उकरायला लागला. आईच पुढे म्हणाली, "आणि इंजिनात तू असशीलच की त्याच्याबरोबर." "मी जन्मभर पुरणार हाय का आक्का त्याला?" मामाचा आवाज चिरकला. "रातच्याला सगळी गाडी झोपल्याली असती. लेकरंबाळं असत्यात. त्यांना काय माहीत पुढं कोण बसलंय." आईनं हातातली पळी आपटली. "तुला दूध पाजायला दारोदार फिरले मी. शाळा सोडली तुझ्यापायी. कधी काय मागितलं तुझ्याकडं? आज एक मागते, तर तू मला लोकांची लेकरं दाखवतो?" मामा रडत होता, एवढा दांडगा माणूस, शर्टाच्या बाहीनं नाक पुसत. शेवटी म्हणाला, "मी त्याला इगतपुरीला घेऊन जातो. तिथं काय दिसतं ते त्याचं तो बघंल. मग तो म्हणंल ते मी करीन." आईनं मला सोबत पाठवलं. मामा त्याला काहीबाही शिकवेल अशी तिला आशा वाटत होती, आणि मी सगळं येऊन सांगावं म्हणून.

आम्ही गेलो तेव्हा इगतपुरीला पाऊस पडून पडून सगळं शेवाळलं होतं. छत्री असो नसो, भिजायचंच. घाटातून धुकं वर येऊन स्टेशनात शिरायचं आणि दोन हातांवरचं माणूस दिसेनासं व्हायचं. मामीनं गरम भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं, दादा नीट जेवला. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. संध्याकाळी मामा आम्हाला फलाटाच्या पार टोकाला घेऊन गेला. पुढे फक्त धुकं, आणि त्यात लांबवर एक दिव्याचा ठिपका. खांब दिसत नव्हता, दिवा वरचा की खालचा हे कळायला काही मार्ग नव्हता. दादाच्या खांद्यावर हात ठेवून मामा म्हणाला, "आज तू आधी बोल."

दादा खूप वेळ बघत राहिला. चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. डोळे बारीक केले, मान एका बाजूला केली, उघडा टीव्ही बघताना करायचा तसं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, लाल आहे रे, लाल! मी पदर तोंडात कोंबला. मग दादा म्हणाला, "हिरवा." हळूच म्हणाला, आधीसारखं खणखणीत नाही.

मामा बोलला नाही.

"मामा?" दादा म्हणाला. मामा समोर बघत उभा. "मामा, बोला ना हो." मामानं ओठ घट्ट मिटले होते. तेवढ्यात वाऱ्यानं धुकं थोडं हललं आणि शेजारच्या रुळावर, त्याच दिव्याच्या अलीकडे, एक मालगाडी उभी असलेली दिसली. सबंध वेळ ती तिथंच उभी होती, इंजिन धुसफुसत होतं, पण हलत नव्हती. दादानं गाडीकडे बघितलं, मग दिव्याकडे. "थांबलीय ती," तो म्हणाला. मामा म्हणाला, "थांबलीय." दादा सामान वाहायच्या हातगाडीवर बसला, पावसातच. तिथूनच त्यानं विचारलं, "मग इतकी वर्षं मी काय बघत होतो, मामा?" मामा पुढे आला. तो दादाच्या पायांशी ओल्या फरशीवर उकिडवा बसला आणि त्यानं दादाचे दोन्ही हात हातात धरले. ज्या माणसानं त्याला हे वेड लावलं त्याच्याच तोंडून नकार ऐकायची पाळी आली, आणि तोही न बोलता. मी आजवर पुष्कळ मरणं बघितली. पण दुःख म्हटलं की मला आधी तो फलाट आठवतो.

घरी आल्यावर दादानं एवढंच सांगितलं, "आई, मी तपासणीला जाणार नाही." आई म्हणाली, "वसंतानं शिकवलं वाटतं." दादा म्हणाला, "मामा एक शब्द बोलला नाही." ते खरंच होतं, पण आईनं ते मानलं नाही. तिनं मामाशी बोलणं टाकलं. भाऊबीजेला मामा यायचा, ओवाळून घ्यायला पाटावर बसायचा, आई ओवाळायची, वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. मामा जेवून हात धुऊन जायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचा. कितीतरी वर्षं असं चाललं. आमच्या आईसारखी हट्टी बाई मी दुसरी बघितली नाही, आणि थोडीफार ती माझ्यातही उतरली आहे असं माझी सून म्हणते. मामा गेला तेव्हा आई त्याच्या उशाशी बसून त्याच्याशी सगळं बोलली, रात्र उलटून गेली तरी बोलतच होती. त्याच्या हयातीत त्यातलं चार आण्याचं बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण हे मी तिला कधी विचारलं नाही.

तपासणीच्या दिवशी मात्र आईनं पहाटे उठून दशम्या केल्या. लसणाची चटणी कुटली, दादाचा इस्त्रीचा शर्ट काढला, पिशवी भरून दाराशी ठेवली. दादा उठला, अंघोळ केली, पिशवीकडे बघितलं आणि पुढच्या खोलीत जाऊन मॉनिटर उघडून बसला. आहेरशेठ त्याच दिवशी यंत्र न्यायला येणार होते, तारा अजून उलट्याच होत्या. अण्णांनी त्या दिवशी कारखान्यात रजा टाकली होती. का टाकली हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ते दादाजवळ जमिनीवर मांडी घालून बसले. आयुष्यात कधी त्यांनी दादाच्या तारांना हात लावला नव्हता, शिव्या घालण्यापलीकडे. दादानं सोडवलेल्या तारा त्यांच्यापुढे धरल्या आणि पहिल्यांदाच सरळ विचारलं, "अण्णा, यातली तांबडी कुठली?"

"ही तांबडी!" अण्णा ओरडले. दार सताड उघडं, सकाळची वेळ, नळावर सगळ्या बाया. "आणि ही हिरवी! ही, ही, इकडची!" स्वयंपाकघरातून आई धावत आली. "हळू बोला हो, अख्ख्या वस्तीला कळंल!" अण्णांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. "तांबडी नीट धरलीस ना मिलिंद? मी बघतोय! मी आहे!" ते तसेच ओरडत राहिले. आईनं दाराला हात लावला, बंद करायला, आणि मग तशीच दाराला पाठ लावून खाली बसली. नळावरच्या बायांचं बोलणं थांबलं होतं. दादा मान खाली घालून तारांना डाग देत होता, त्याचा हात हलला नाही. भुसावळची गाडी केव्हा येऊन गेली ते आम्हाला कळलंही नाही, किंवा सगळ्यांनाच कळलं असेल. दुपारी आईनं पिशवी उघडली आणि त्याच दशम्या आम्ही चौघांनी खाल्ल्या.

आहेरशेठ आले तेव्हा दादानं तेच सिग्नलचं चित्र लावलं. खालचा दिवा लाल झाला, वरचा हिरवा. "आता कसं!" शेठ टाळ्या पिटत म्हणाले. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ते खांद्याला पुसलं. दादा पडद्याजवळ सरकला. एक दिवा लावून बघितला, विझवला, दुसरा लावला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "रत्ने, बदललं का गं काही?"

"हो रे दादा. आता बरोबर आहे."

"असं?" तो म्हणाला, आणि पुन्हा पडद्याकडे वळला. शेठच्या माणसानं न्यायला म्हणून वायर काढेपर्यंत तो तिथंच बसून बघत होता, काय बदललं ते.